महाडला सायकलने जाताना : हमरस्ता की आडवाट?



परवाच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि सतरंज्या उचलायच्या आत आमच्या पोरांनी विषय काढला. २० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी महाडला सायकलने जायचे हे पोरांनी आपसात आधीच ठरवून टाकले होते. आमच्या वस्तीतून अशी फेरी यापूर्वी दोनदा झाली आहे, त्यामुळे जायचे की नाही यावर वाद नव्हता. वाद होता तो कोणत्या रस्त्याने जायचे यावर. दुपारी एक वाजला, दोघातिघांचे आवाज चढले, घराघरांतून जेवण निवते आहे म्हणून निरोप आले, तरी कोणी जागचे उठेना. त्या वादात जे बोलले गेले ते आपल्या इतर वस्त्यांतील पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्याही कामाचे आहे असे वाटल्यावरून आज या सदरात तोच विषय घेतला आहे.

मुंबईहून महाडचा सरळ रस्ता सर्वांना ठाऊक आहे. वाशीचा खाडीपूल, पनवेल, पळस्पे फाटा आणि तेथून गोवा महामार्ग. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, दासगाव आणि मग महाड. पळस्प्यापासून महाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. (द्रुतगती मार्ग आणि २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू या दोन्हींवर सायकलला प्रवेश नाही. ही बंदी जातीची नाही, चाकांची आहे, असे आमचा एक पोरगा म्हणाला तेव्हा सगळे हसले.) दुसरी वाट समुद्रावरून जाते. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा, तेथून अलिबाग, चौल, रेवदंडा, साळावचा पूल आणि मग कुंडलिकेच्या खाडीच्या बाजूने रोहा. मांडव्याची रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तीत सायकल घेऊन जाता येते. रोह्याहून कोलाडला आले की महामार्ग लागतो आणि पुढे महाडपर्यंत तोच. म्हणजे आडवाट म्हटली तरी ती अर्धीच आडवाट. पण जो अर्धा भाग तिच्यामुळे टळतो तो पनवेल ते कोलाडचा आहे, आणि ट्रेलर-डंपरची सर्वांत दाट वर्दळ आम्हाला त्याच पट्ट्यात लागली होती.

पहिल्यांदा बोलल्या त्या आमच्या वस्तीतील भाजीची गाडी लावणाऱ्या एक ताई. त्या कधी बैठकीत बोलत नाहीत, मागे भिंतीला टेकून बसतात. त्या म्हणाल्या, "दादा, धाकटा यायचं म्हणतोय. तुमच्या भरवशावर धाडते. पण त्या हायवेनं न्यायचं असंल तर माझं पोर येणार नाय. बोटीनं न्या, एक दिवस जास्ती लागला तर लागू द्या."

त्यावर गिरणीतून निवृत्त झालेले आमचे तात्या उसळले. तात्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येते, पण नको ते बरोबर ऐकू येते. "आडवाटेनं का म्हणून? चोरी केलीय का आपण? पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं अन् कमरेला झाडू होता, रस्ता बाटू नये म्हणून. त्या रस्त्यावर आपण निळा झेंडा लावून जायचं, का ट्रकवाल्याला भिऊन खाडीकाठानं लपत जायचं?"

विहारात टाळ्या पडल्या. खोटे कशाला सांगू, मीही वाजवली. तात्यांच्या म्हणण्यात सत्य आहे. रस्त्यावरून चालणे हा आपल्या चळवळीत कधीच साधा विषय नव्हता. १९२४-२५ साली त्रावणकोरातील वैकोम येथे जो सत्याग्रह झाला तो मंदिराच्या भोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठीच होता. मंदिरात जाण्याची मागणी पुढची, आधी रस्ता. महाडलाही पाण्यापर्यंत पोहोचायला आपले लोक गावाच्या भर रस्त्यातून रांगेने चालत गेले होते. तेव्हा सार्वजनिक रस्ता सोडून बाजूने जायचे हे आपल्या जुन्या माणसांच्या जिवाला लागते, आणि लागलेच पाहिजे.

पण टाळ्या वाजवून झाल्यावर मी ताईंकडे पाहिले आणि माझा हात खाली आला. कारण आमच्या पहिल्या फेरीत जो पोरगा पडला तो याच ताईंचा थोरला.

ती हकिकत सांगितली पाहिजे. पहिल्या फेरीला आम्ही अकरा जण महामार्गानेच गेलो होतो. पहाटे चारला निघालो, कर्नाळ्याच्या खिंडीत सायकली हातात धरून चढलो, पेणला नाश्ता केला. तोवर सर्व ठीक होते. वडखळच्या पुढे ऊन चढले तशी वाहतूक वाढली. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि किती वर्षे रखडले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जेथे नवे काँक्रीट झाले आहे तेथे सायकल लोण्यासारखी पळते. परंतु त्या काँक्रीटची कड आणि खालची मातीची साईडपट्टी यांत कोठे कोठे वीतभर फरक आहे. मोटारवाल्याला तो दिसतसुद्धा नाही. सायकलवाल्याला मात्र तो विहिरीच्या काठासारखा असतो. मागून ट्रेलरने भोंगा वाजवला, पोरगा दचकून डावीकडे सरकला, पुढचे चाक कडेवरून खाली गेले आणि तो हँडलवरून पालथा झाला. हनुवटीला पाच टाके पडले, गळपट्टीचे हाड मोडले. डावीकडे पडला म्हणून निभावले, उजवीकडे पडता तर काय झाले असते ते लिहवत नाही. ट्रेलर थांबला नाही. थांबवण्यासारखे त्याच्याकडून काही घडलेही नव्हते, त्याने फक्त भोंगा वाजवला होता.

दवाखान्यातून मी ताईंना फोन केला आणि "किरकोळ खरचटले आहे" असे सांगितले. त्यांनी तो शब्द खरा मानला आणि संध्याकाळी टेम्पोतून उतरणारे पोर पाहिले. त्या मला एक अक्षर बोलल्या नाहीत. आजवर बोललेल्या नाहीत. परवा त्या "तुमच्या भरवशावर धाडते" म्हणाल्या, त्या शब्दांचे ओझे माझे मला ठाऊक.

या अपघातानंतर मी अनुभवी सायकलवाल्यांकडे, म्हणजे पेपर आणि दूध टाकणाऱ्या लोकांकडे, चौकशी केली. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती प्रत्येक पोराने ध्यानात ठेवावी. मोठी गाडी वेगाने शेजारून जाते तेव्हा तिचा वारा आधी सायकलला बाहेर लोटतो आणि गाडी पुढे सरली की आत ओढतो. नवखा माणूस लोटल्यावर हँडल आत वळवतो, आणि त्याच क्षणी ओढ लागते. म्हणून हँडल घट्ट पण सरळ धरायचे, वळवायचे नाही, आणि काँक्रीटच्या अगदी कडेवरून न जाता कडेपासून दोन हात आत चालवायचे. कडेला चिकटून चालवणे सुरक्षित वाटते, पण घसरायला तेथे जागाच उरत नाही. आम्ही त्या दिवशी पोरांना "कडेने चला, कडेने चला" असेच ओरडून सांगत होतो. ती चूक माझी.

दुसऱ्या फेरीला आम्ही बोटीची वाट धरली. तिचे सुख काय वर्णावे! मांडव्यापासून नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात, चौल-रेवदंड्याला रस्त्यावर सावली असते. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून खाडीकडेने रोह्याकडे वळले की दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा पाठीला लागतो आणि बिनगिअरची जुनी काळी सायकलसुद्धा आपोआप चालल्यासारखी वाटते. पुढे इंदापूरहून (हे रायगडातील इंदापूर, पुणे जिल्ह्यातील नव्हे) आत तळ्याकडे वळून आम्ही कुडा लेणी पाहिली. सव्वीस लेण्यांचा हा समूह राजपुरीच्या खाडीजवळ डोंगरात कोरला आहे. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत एक माळी आहे, आणि एका लेखनिकाचा धाकटा भाऊही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फुले विकणाऱ्या उपासकाने आणि कारकुनाच्या घरातल्या माणसाने लेणे दान दिले हे वाचून, स्वतः कारकून असल्यामुळे असेल, मी तेथे बराच वेळ उभा राहिलो. पोरे खालून घंट्या वाजवत होती.

मग आडवाटच चांगली असे कोणी म्हणेल. थांबा. आडवाटेला लागलेली ठेच मी अजून सांगितलेली नाही.

रोह्याच्या अलीकडे एकाची साखळी तुटली. महामार्गावर दर चार-पाच किलोमीटरला कोणीतरी पंक्चरवाला असतो, येथे कोणी नव्हते. भर दुपार, मार्चचे दमट ऊन, बाटल्या रिकाम्या. जवळच्या वाडीत दोन पोरांना पाणी आणायला पाठवले आणि मी मागोमाग गेलो. एक वयस्क बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "कुठले रे तुम्ही?" आमच्या पोराने मुंबई सांगितले, पुढे नाव सांगितले आणि आडनाव गिळले. सायकलला बांधलेला निळा झेंडाही त्याने येताना काढून पिशवीत घातला होता, हे मला नंतर दिसले. पोरगा बारावी पास, भाषणात नंबर काढणारा, आणि चवदार तळ्याला निघालेला! वास्तविक त्या बाईंनी आडनाव विचारलेच नव्हते, गाव विचारले होते. मी पुढे होऊन माझे पूर्ण नाव, आडनाव आणि आम्ही कोठे व कशासाठी चाललो आहोत ते सांगितले. बाईंनी कळशी आणून दिली आणि वर गुळाचा खडा दिला. त्यांच्या मनात काय होते मला ठाऊक नाही. पण पोराच्या मनात काय होते ते मला समजले आणि ते टाक्यांपेक्षा जास्त लागले.

म्हणजे पाहा. पर्यटनाला निघालेला माणूस रस्ता निवडताना वाहने किती, सावली किती, चढ किती एवढेच पाहतो. आपल्या पोरांना आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो ते तोंडाने बोलत नाहीत. महामार्गावर कोणी कोणाला नाव विचारत नाही. हॉटेलात पैसे द्या, चहा घ्या, चालते व्हा. शांत वाटेवर ओट्यावर बसलेली माणसे असतात आणि ती विचारतात. बहुतेक ठिकाणी ती मायेनेच विचारतात. पण आपल्या पोरांच्या कानात आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी असतात, त्यामुळे साधा प्रश्नही त्यांना टोचतो.

महामार्गाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र तात्यांनी मांडला नाही, तो बारावीला असलेल्या एका मुलीने मांडला. या खेपेला तीन मुली येणार आहेत. ती म्हणाली, "सर, हायवेला पेट्रोल पंप आहेत. तुम्ही लोक कुठेही थांबता. आम्ही त्या खाडीच्या रस्त्याला कुठे जायचं?" पुरुष मंडळी खाली पाहू लागली. दोन फेऱ्या झाल्या, वह्या भरून हिशेब लिहिले, आणि हा विचार एकालाही सुचला नव्हता, कारण तोवर मुली आल्याच नव्हत्या.

असे चारी बाजूंनी अडल्यावर माझ्या मनात दासगाव आले.

आपणा सर्वांना २० मार्च १९२७ माहीत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला गेले आणि २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले, हेही माहीत आहे. परंतु त्या वेळी ते कोणत्या मार्गाने गेले याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुंबईहून महाडला जायला तेव्हा धरमतरचा मार्ग जवळचा होता. धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटारीने सडक. बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही. २४ डिसेंबरला ते आपल्या सहकाऱ्यांसह पद्मावती बोटीने निघाले आणि समुद्रावरून वळसा घालून, सावित्रीच्या खाडीतून, २५ तारखेला दुपारी दासगाव बंदरावर उतरले. लांबचा मार्ग का? तर धरमतरच्या मोटारवाल्यांनी ऐनवेळी न्यायचे नाकारले तर सगळेच वाटेत अडकतील. दासगाव ते महाड अंतर पाच मैल. तेथे कोणी गाडी दिली नाही तरी माणसे आपल्या पायांनी महाड गाठू शकतील. हा विचार करून तो मार्ग घेतला होता. दासगावला आपले हजारो लोक वाट पाहत होते, आणि तेथून सर्व जण उघडपणे, घोषणा देत, भर सडकेने पायी महाडला गेले.

मी हे विहारात सांगितले तेव्हा तात्या कानाला हात लावून पुढे सरकले. मी म्हणालो, "तात्या, बाबासाहेब बोटीने गेले म्हणून ते लपत गेले असे कोणी म्हणेल का? जेथे दुसऱ्याच्या मर्जीवर अडकून पडण्याचा धोका होता तो रस्ता त्यांनी टाळला, आणि जेथे ताठ मानेने चालायचे होते तेथे भर रस्त्याने चालले." महामार्गाच्या पहिल्या पट्ट्यात आमची पोरे ट्रेलरवाल्याच्या मर्जीवर असतात. त्याला झोप लागली, त्याने भोंगा वाजवला, त्याने कट मारला की आमचे काही चालत नाही. तेथे हक्काची भाषा करून हाड जुळत नाही. पण कोलाडच्या पुढे, आणि विशेषतः दासगाव ते महाड, त्या रस्त्यावरून आपण गेलेच पाहिजे, आणि दिसतील असे गेले पाहिजे.

तेव्हा ठरले ते असे. २० मार्च २०२७ शनिवारी येतो. त्याला लागूनच शिमगा आहे, २१ ला होळी आणि २२ ला धुळवड. म्हणजे गुरुवार-शुक्रवारपासूनच मुंबईचा चाकरमानी गोवा महामार्गाने कोकणात उतरणार. शंभरीचा सोहळा म्हणून आपल्या लोकांच्या गाड्या, बसेस निघतील त्या वेगळ्याच. अशा वेळी पनवेल-पेणचा पट्टा सायकलने धरणे हा शुद्ध वेडेपणा होईल. दुसरीकडे अलिबाग-रेवदंडाही शनिवार-रविवारी शांत नसते, मुंबईच्या मोटारी समुद्रकिनाऱ्यासाठी त्या अरुंद रस्त्यावर भरून वाहतात. शांत वाट वाराप्रमाणे शांत असते, हे नकाशा पाहून कळत नाही. म्हणून आम्ही गुरुवारी, १८ तारखेला बोट धरणार. त्या दिवशी मांडवा ते रोहा, सुमारे सत्तर किलोमीटर. शुक्रवारी पहाटे रोहा सोडून कोलाडमार्गे दासगाव, सुमारे साठ किलोमीटर. रोहा ते कोलाड अंतर थोडे आहे, पण वाटेत धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि रसायनांचे टँकर असतात, म्हणून तो तुकडा उजाडता उजाडता संपवायचा. माणगावात नेहमीच वाहने खोळंबलेली असतात. सायकलवाल्याला खोळंबा बरा, कारण थांबलेला ट्रक कोणाला मारत नाही, फक्त दरवाजे अचानक उघडतात तेवढे सांभाळावे. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तेथे जरा थांबून पोरांना ते दाखवायचे.

आणि शनिवारी, २० तारखेला सकाळी, दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल सायकली हातात धरून पायी. महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी रस्त्यावरूनच दिसतात, तेथे त्रिसरण-पंचशील घेऊन पुढे निघायचे.

मुलींनी काढलेल्या प्रश्नावर दोन बायकांनी तेथल्या तेथे तोडगा काढला. रेवदंडा आणि रोहा या दोन्ही बाजूंना आपल्या वस्तीतल्यांचे नातेवाईक आहेत. त्यांना आधी कळवायचे, त्यांच्या घरी थांबायचे. वाटेत थांबे कोठे घ्यायचे हे मुली ठरवतील आणि मुलगे तेथेच थांबतील. यामुळे पाण्याचा आणि आडनावाचाही प्रश्न बराचसा सुटतो, कारण वाट ओळखीची होते. तरीही वाडीवर पाणी मागायची वेळ आली तर पूर्ण नाव सांगून मागायचे, हे मी सर्वांसमोर सांगितले. ज्याने आडनाव गिळले होते तो पोरगा समोरच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

खर्चाचे म्हणाल तर महामार्गाला सायकलचे भाडे शून्य आणि बोटीला माणसाचे व सायकलचे दोन्ही लागते. हातावर पोट असणाऱ्या घराला ते जाणवते. ज्यांना झेपणार नाही त्यांचे मंडळाच्या शिलकेतून द्यायचे ठरले. हिशेब विहाराच्या फळ्यावर लावला जाईल.

तयारीबाबत थोडे. नवी महागडी सायकल लागत नाही. आमच्यातल्या निम्म्या सायकली वीस-वीस वर्षांच्या आहेत. परंतु निघण्याआधी महिनाभर त्यांच्यावर रोज बसले पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशी दुपारी बूड बोलू लागते. ब्रेकचे रबर नवे घाला. सोबत पंप, सोल्यूशन, ठिगळे, कानस, जादा ट्यूब, साखळीची जादा कडी आणि पाना ठेवा. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पहाटेसाठी लुकलुकणारा दिवा हवाच. डोक्याला हेल्मेट, मग ते कसलेही असो. कपडे पांढरे घाला, आपली उपासकाची शुभ्र वस्त्रे रस्त्यावर सर्वांत आधी नजरेस पडतात. झेंडा लहान लावा, लांब काठीचा झेंडा वारा पकडतो आणि सायकल ओढतो. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत चालवू नये, एकामागे एक, मध्ये तीन सायकलींचे अंतर. कानात गाणी नकोत, भीमगीतेसुद्धा नकोत, मागून येणारी गाडी कानानेच कळते. सकाळी अकरा ते चार ऊन टाळा आणि तहान लागायची वाट न पाहता मीठ-साखर-लिंबाचे पाणी घोट घोट पीत राहा.

बैठक उठताना तात्या म्हणाले, "पाच मैल मला झेपायचे नाहीत. मला एसटीनं पुढं पाठवा, गांधारपाल्यापासून मी चालतो." त्यांचे नाव वहीत पहिले लिहिले. ताई शेवटी आल्या. धाकट्याचे नाव, वय सतरा पूर्ण, असे त्यांनी लिहून घ्यायला लावले. मी वही मिटू लागलो तर म्हणाल्या, "थोरल्याचंबी लिहा. अन् या टायमाला फोनवर खरं सांगायचं."

सध्या सतरा नावे झाली आहेत. पुढील बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर आहे. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनीही यावे. दोन सायकली जादा आहेत, त्यांतील एकीला फक्त मागचा टायर घालायचा आहे.